लग्नाला जा, सहीचं नंतर बघू

पत्र सेलू तालुक्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते, बाकी शब्द त्यांचेच:

"ताई, दोन एकर कोरडवाहू आहे. मालक मोंढ्यात हमाली करतात, मी रोजानं जाते. मागच्या दसऱ्याच्या आधी सासऱ्यांना झटका आला, खासगी दवाखान्यात स्टेंट टाकला. सगळे मिळून एक लाख तीस हजार लागले. परभणीच्या भावानं चाळीस हजार दिले. मालकांच्या सोबतच्या हमालानं भिशी उचलून पंधरा दिले. धाकट्या बहिणीनं तिच्या नावावर फायनान्सचं चाळीस हजार कर्ज काढून दिलं. बाकीच्याला माझी पोत मोडली. बहिणीच्या कर्जाचा हप्ता पंधरवड्याला हजाराच्या घरात येतो, तो आम्ही भरायचा ठरलं होतं. सोयाबीन पाण्यात गेलं, मोंढ्यात माल नाही, तीन हप्ते थकले. गटातल्या बाया तिच्या दारात येऊन बसतात. पाव्हण्यांनी तिला 'माहेरी जाऊन बस' म्हणून सुनावलं.

आता भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. मालक म्हणतात, कोणत्या तोंडानं जायचं आणि आहेर काय न्यायचा? माझी लेक बारावीला भावाकडेच राहते. वहिनी फोनवर म्हणाल्या, 'तुमचं कधी संपणार?' आई-वडील दोघंही नाहीत. वडिलांचं तीन एकर वावर आहे, भाऊ म्हणतो त्यावर सही देऊन टाक. सगळ्यांचं खाऊन बसलेली मी, नाही कसं म्हणू? लाडकी बहीणचे पंधराशे येतात, ते किराण्यात जातात. काय करावं सांगा."

ताई,

लग्नाला जा. यात विचार करण्यासारखं काही नाही म्हणून हे आधीच सांगून टाकते. तुम्ही नवरीची आत्या. आत्या मांडवात दिसली नाही तर पाव्हण्यांमध्ये दहा कारणं निघतील आणि 'बिचारीकडं पैसे नव्हते' हे त्यात नसेल. 'चाळीस हजार घेतले आणि तोंड चुकवलं' हेच निघेल. पैसे परत करायला उशीर झाला तर माणूस एक वेळ समजून घेतो, पण तोंड चुकवलेलं मनात ठेवतो. तुमचे मालक अब्रू राखायला घरी बसायचं म्हणतात. अब्रू जायची असेल तर ती तिथूनच जाईल.

आहेराच्या वहीत एकशे एक रुपये आणि ब्लाऊज पीस लिहिला गेला तरी तुमचं नाव लिहिलं जातं. तुमचा खरा आहेर हातांचा असू द्या. आठ दिवस आधी जा. वैशाखातलं लग्न म्हणजे कुरडया, शेवया, पापड, गहू निवडणं, रुखवत, पाव्हण्यांची उठबस. आचारी, मंडपवाला पैशानं मिळतो. पण दागिन्यांच्या डब्याजवळ बसायला आणि रात्री अकराला उतरलेल्या पाव्हण्याला न कुरकुरता वाढायला भरवशाचं माणूस भाड्यानं मिळत नाही. तुमची आठ दिवसांची रोजी बुडेल, हे मला कळतं. मालकांना सांगा की बुडालेली रोजी हाच आपला आहेर. त्यांनीही आदल्या दिवशी येऊन पाण्याच्या टाक्या, खुर्च्या, सामान उतरवणं बघावं. पोती वाहणाऱ्या माणसाची मांडवात किती गरज असते ते त्यांनाच दिसेल.

आता अवघड गोष्ट. तिघांचं देणं आहे, पैसा एकाचाही नाही, मग आधी कुणाचं? आपली रीत अशी की जो मोठ्यानं बोलतो त्याचं आधी द्यायचं. तुमच्या बाबतीत बोलतंय कोण? भाऊ आणि वहिनी. आणि सोसतंय कोण? बहीण. म्हणून पहिला रुपया बहिणीचा.

भावाच्या आणि त्या हमालभाऊंच्या पैशाला व्याज नाही. बहिणीच्या नावावरच्या कर्जाला आहे. कागदावर ते कर्ज तिचंच आहे, तुमचं नाव कुठंही नाही. हप्ते थकले की तिचं सिबिल बिघडतं, उद्या तिलाच बियाण्याला किंवा लेकराच्या फीला कर्ज लागलं तर दारं बंद. त्यात घरात नवरा बोलतो. तुमच्यासाठी तिनं स्वतःचा संसार गहाण ठेवला, असंच म्हणते मी. नात्यात एकमेकांच्या नावावर फायनान्स उचलायची जी चाल गावोगाव पडली आहे, तिच्याइतकी वाईट मदत दुसरी नाही. हातउसने दिलेले पैसे बुडाले तर देणाऱ्याचे तेवढेच बुडतात. नाव दिलं तर किती बुडेल याला माप नाही.

लाडकी बहीणचे पंधराशे खात्यात आले की त्याच दिवशी बहिणीला पाठवा. किराण्याला ओढ बसेल, बसू द्या. रेशनचं प्राधान्य कार्ड असेल तर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, ते दर महिन्याला न चुकता उचला. महिन्याचे दोन हप्ते म्हणजे दोन हजारांच्या आसपास. वरचे पाच-सहाशे तुमच्या रोजातून काढायचे. राहिले थकलेले तीन हप्ते. त्यासाठी बहिणीला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जाऊन फायनान्सच्या शाखेत लेखी अर्ज द्या: अतिवृष्टीत पीक गेलं, थकबाकी पुढच्या हप्त्यांत वाटून द्या. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये मायक्रोफायनान्ससाठी, म्हणजे बहिणीनं काढलं तसल्या छोट्या कर्जांसाठी, जे नियम केले, त्यात अडचणीतल्या कर्जदाराला ओळखून त्याला मार्ग सांगण्याची व्यवस्था ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. तेव्हा हे भीक मागणं नाही.

त्याच नियमांत आणखी काही आहे, ते बहिणीला वाचून दाखवा. वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा फेरी मारू शकत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नाव जाहीर करणं, काहीच चालत नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हायला हवी. कर्जदार तिथं लागोपाठ दोनदा आला नाही तरच त्यांना घरी किंवा कामावर यायची मुभा आहे. म्हणून बहिणीनं पैसे नसले तरी गटाच्या हप्ता भरायच्या मीटिंगला जायचं. दोनशे असतील तर दोनशे हातात, नसतील तर रिकामं, पण जायचं. दार लावून आत बसलं की दारात येऊन बसायचं निमित्त आपणच देतो. तरीही त्रास थांबला नाही तर कर्जाच्या कार्डावर कंपनीच्या तक्रारीचा नंबर असतो. तिथं लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ या नंबरवर विचारलं तर रीत सांगतात.

दारात बसणाऱ्या बायांवर मात्र रागावू नका. गटाचा एक हप्ता कमी पडला की 'पैसे येईपर्यंत कुणी उठायचं नाही' असं त्यांना साहेबानं बसवलेलं असतं. त्यांचीही त्या दिवसाची रोजी जाते. तुम्ही स्वतः एकदा त्यांच्यापुढं जाऊन सांगा की हे पैसे मी वापरले, आणि मी कसे फेडणार आहे. बहिणीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलं की निम्मा राग तिथंच उतरेल. बहिणीच्या नवऱ्यापुढंही तसंच बोला, मालकांना सोबत घेऊन. हे काम मालकांचं आहे. मी इतकी वर्षं पत्रं वाचते, त्यात हे कायम दिसतं: मागायला बायकोनं माहेरी जायचं आणि लाज नवऱ्याला वाटायची. लाज वाटते तर साडूच्या पुढं बसून दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?

दुसरा नंबर त्या हमालभाऊंचा. त्यांनी तुमच्या पत्रात एका ओळीचीच जागा अडवली आहे, कारण ते मागतच नाहीत. त्यांचं तुमच्याशी रक्ताचं नातं नाही, तुमच्याइतकीच ओढगस्त त्यांच्या घरी असणार, आणि उचललेल्या भिशीचे पैसे ते अजून भरत असतील. अशा माणसाला महिन्याला दोनशे-तीनशे का होईना द्या, आणि देताना 'अजून इतके राहिले' असं तोंडानं म्हणा. लहान रक्कम द्यायला लाजून मोठी रक्कम साठायची वाट बघणारे लोक कधीच देत नाहीत. मालक माथाडी मंडळात नोंदलेले असतील तर मंडळाकडं जमा असलेल्या भविष्य निर्वाह निधीचीही चौकशी करून घ्या. १९६९ च्या कायद्यानं तो हक्क हमालांना दिला आहे आणि पुष्कळांना आपल्या नावावर काय जमा आहे हेच माहीत नसतं.

भाऊ शेवटी. म्हणजे विसरायचं असं नाही. त्याला सरळ सांगायचं की तुझे चाळीस आहेत, माझ्या लक्षात आहेत, बहिणीचं कर्ज उतरलं की तुझं सुरू करते. तारीख पाळता येणार नसेल तर तारीख देऊ नका.

वहिनींचं वाक्य तुम्हाला लागलं. लागणारच. पण एक बघा. तुमची लेक त्यांच्या घरी राहते, 'मामानं ठेवून घेतलं' असं सगळे म्हणतात. तिचा डबा कोण करतं? तिचे कपडे, तिचं आजारपण, ती संध्याकाळी उशिरा आली तर दारात उभं राहणं? नाव भावाचं आणि काम वहिनींचं, असं बहुतेक घरात असतं, आणि आभार मानायच्या वेळी त्या बाईचं नाव कुणी घेत नाही. त्यात मुलीच्या लग्नाचा खर्च डोक्यावर. 'तुमचं कधी संपणार' हे दमलेल्या बाईचं बोलणं आहे, त्याला वैर समजू नका. भावाला मध्ये न घालता त्यांना फोन करा. लेकीच्या जेवणाचे पैसे देता येत नसतील तर ज्वारी, तूर, घरचं तिखट, जे घरात आहे ते पाठवा. आणि परीक्षा संपली की लेकीला लग्नाच्या कामाला त्यांच्या हाताखाली द्या.

आता वावराचं. इथं मी जरा ठामपणे बोलणार आहे.

तिघं भावंडं, आई-वडील नाहीत, म्हणजे तीन एकरात तिघांचा सारखा वाटा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावरच्या शंका मिटवल्या. वडिलांची स्वतःची जमीन असती तरी मुली वारस होत्याच. हे तुमच्या भावालाही ठाऊक आहे, नाहीतर त्यानं सही मागितलीच नसती.

आपल्याकडं बहिणी हक्कसोड करून देतात. शिकलेली माणसं त्याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. बाईनं मनात हिशोब केलेला असतो: एक एकर गेलं तरी चालेल, पण नवरा गेला, लेकरू आजारी पडलं, सासरी हाकललं, तर माहेरचं दार उघडं राहिलं पाहिजे. साडीचोळी, पंचमीचं मूळ, दिवाळीची भाऊबीज आणि अडीनडीला एक आसरा, एवढ्यासाठी ती सही करते. तुम्हाला मिळालेले चाळीस हजार, लेकीला मिळालेली जागा, हे त्याच आशेवर चाललेलं आहे. म्हणून मी तुम्हाला 'भावाशी भांडा, वाटा घ्या' असं सांगणार नाही.

पण आज सही करू नका. देणं असताना, मान खाली असताना केलेली सही ही प्रेमाची सही होत नाही, ती वसुली होते. आणि नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागं घेता येत नाही. कोरडवाहू एकराचा तुमच्या शिवारातला भाव तुम्हाला माहीत आहे, चाळीस हजारांत काय येतं ते मी सांगायला नको. शिवाय ही सही तुमच्या एकटीची नाहीच, बहिणीचीही लागणार. दोघींनी मिळून ठरवायचं.

भावाला आधी विचारा की सही कशासाठी पाहिजे. पीककर्जासाठी बँक सगळ्या खातेदारांची सही मागते म्हणून असेल, तर तेवढ्यापुरतं संमतीपत्र देता येतं, हक्क सोडावा लागत नाही. ते आनंदानं द्या, फक्त किती रुपयांच्या कर्जाला संमती देतो ते वाचून घ्या. आणि लग्नासाठी जमीन विकायचा किंवा गहाण टाकायचा त्याचा विचार असेल, तर मग बोलणं वेगळं. तुमच्याच वाट्याची जमीन विकली जात असेल तर त्या पैशातून बहिणीचं फायनान्स आधी बंद करायचं, भावाचे चाळीस त्यातच वळते करायचे, आणि मग राहिलेल्यावर बोलायचं. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, हेही २०२२ च्याच नियमांत आहे. तुम्हा बहिणींना त्यापुढचं भावाला सोडायचं असेल तर खुशाल सोडा. मोकळ्या मनानं सोडलेलं सोडलं म्हणता येतं. आता त्याला एवढंच सांगा: "दादा, लग्न नीट पार पडू दे. मग आपण तिघं बसू." याच्यात नकार नाही, आणि तुम्ही ज्याला घाबरता ते 'नाही' म्हणावं लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी बोलते. तुमचे सगळे मदत करणारे एकाच विहिरीवर मोटारी लावून बसलेत. तुमचं सोयाबीन गेलं तेव्हा बहिणीचंही गेलं. मोंढ्यात माल आला नाही तेव्हा मालकांची हमाली थांबली, तशी त्या मित्राचीही थांबली. एकाच्या घरी म्हैस मेली, एकाची पोर बाळंतपणाला आली, एकाचा बैल खचला, तर नातेवाईक सावरतात. सावडीनं पेरणी होते, शेजारीण डाळ देते, कुणी लेकरं सांभाळतं. पण सगळ्या जिल्ह्यावर एकदम आलं तर नात्यातला पैसा त्याच आठवड्यात आटतो. २०१२-१३ ला बघितलं, २०१५-१६ ला बघितलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते याच काळात, एप्रिल २०१६ मध्ये. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं, पाणीच पाणी. सोयऱ्यांत कुणी वाळूजला, चाकणला कंपनीत असेल तर त्याच्याशी येणं-जाणं ठेवा, त्याचा पगार आपल्या पावसावर नसतो. मात्र त्याच्याकडंच सगळ्यांच्या माना वळतात, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून मोठा खर्च नात्यावर टाकायचा नाही. स्टेंटसारखे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशन कार्ड असलेल्या कुटुंबांना ते लागू आहे. मात्र दवाखाना योजनेतला असावा लागतो. तिथं योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, पैसे भरायच्या आधी त्याला गाठायचं. झटका आलेल्या माणसाला घेऊन धावताना हे सुचत नाही, म्हणून आत्ताच परभणीत आणि सेलूत कोणते दवाखाने योजनेत आहेत ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. सासऱ्यांना पुन्हा काही झालं तर लागेल. आणि गावात उमेदचा, म्हणजे सरकारच्या उमेद अभियानाचा, बचत गट असेल तर त्यात शिरा. फायनान्सवाल्यांच्या गटालाही लोक बचत गटच म्हणतात, पण उमेदच्या गटात बचत आपली असते, अडीला आधी त्यातून उचलता येतं. मुकादमाची उचल घेऊन पुढच्या हंगामात ऊसतोडीला जायचा विचार मालकांच्या डोक्यात असेल, तर लेकीच्या शिक्षणाचं काय होईल ते आधी दोघांनी बसून बोला.

लेकीचंच राहिलं. बारावी झाली की तिला मामाच्या घरातून वसतिगृहात हलवायचं बघा. वहिनींचा भार उतरेल आणि पोरीलाही बरं, दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या मुलीला अभ्यासापेक्षा भांड्यांचंच भान जास्त ठेवावं लागतं. व्यावसायिक पदवीला केंद्रीय प्रवेशातून नंबर लागला तर आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की झालं. अनुसूचित जातीच्या असाल तर राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजना आहे, ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांत असाल तर सावित्रीबाई फुले आधार योजना, मराठा असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकाला उत्पन्नाचा दाखला लागतो. जुना दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळं एप्रिल लागला की सेतूत नवीन अर्ज टाका. जूनमध्ये तिथं उभं राहायला जागा नसते आणि एका दिवसानं तारीख हुकलेल्या मुलींची पत्रं मला दर पावसाळ्यात येतात.